अदाकूच्या मागची जागा

दुपारी जेवण झालं की मी अर्धा तास आडवी होते. झोप अशी लागत नाही, नुसतं पडायचं. आजही तशीच पडले आहे. पंखा प्रत्येक फेरीला एकदा कुरकुरतो, ते मी मोजते आहे. अठरापर्यंत येते आणि पुढचा आकडा काही केल्या आठवत नाही. तेवढ्यात पायथ्याशी पलंग जरा खचतो. कुणीतरी बसलं आहे. माझा डावा पाय उचलून मांडीवर घेतला आहे, आणि तेलाचा अंगठा घोट्याभोवती गोल गोल फिरतो आहे.

"काय गं न्वान्ने, पाय कसा हाय?"

डोळे न उघडता मी ओळखते. सुया टोचून टोचून राठ झालेला शिवणबाईचा अंगठा आहे तो. अदाकू. तिला जाऊन आज एकवीस दिवस झाले. जिवंतपणी तिला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं, आज मात्र ती आमच्या मिरजेच्या नळावरच्या बायकांसारखी बोलते आहे आणि मला त्यात काहीच वावगं वाटत नाही.

"बरा आहे आता," मी म्हणते.

म्हणते आणि झोपेतसुद्धा माझे कान तापतात. कारण त्या पायाला कधी काही झालंच नव्हतं.

नीट सांगते, नाहीतर माझी लाज तुम्हाला अर्धीच कळेल. एक्याऐंशी साली आम्ही नवरा-बायको नायजेरियात मास्तरकी करायला गेलो. इग्बो लोकांचं गाव, लाल माती, मुलींची शाळा. मी रसायनशास्त्र शिकवायची, अदाकू शिवण. पहिल्याच महिन्यात तिने माझा ताबा घेतला. मला न्वान्ने म्हणायला लागली. न्वान्ने म्हणजे त्यांच्यात बहीण. नीट फोड केली तर आईचं लेकरू. आणि मग एक दिवस तिने मला नेऊन उभं केलं ते तिच्या नाचाच्या मंडळात.

"पाय दे हिकडं," अदाकू म्हणते, "आन् ऊठ."

आम्ही प्रयोगशाळेत आहोत. ओट्यांवर ब्युरेट ओळीने उभ्या आहेत आणि त्यांच्यामध्ये मातीची मडकी. त्यांच्या बायका वाजवतात ती, पोटाला भोक असलेली. तोंडावर तळवा मारला की आडात घागर बुडाल्यासारखा आवाज येतो. खिडकीबाहेर मात्र सांगलीची मंडई आहे, आणि मेथीच्या जुड्या घेऊन बसलेल्या बायका आत डोकावून बघताहेत. अदाकू माझ्या कमरेवर हात ठेवून मला वाकवते.

"वाक अजून. ताठ उभं राहून नाचत्यात व्हय?"

"कंबर दुखते."

"दुखंल की. पावलं उचलू नकोस फार. धरणीला लागून टाक. खाली आपली मानसं हायेत, त्यांना कळाया पायजे कोन आलं ते."

दोन वर्षं मी हे शिकले. त्यांचा आठवडा चार दिवसांचा, आणि त्यातला 'एके' नावाचा बाजाराचा वार आला की संध्याकाळी तालीम. नऊ बायका, एकसारखं निळं कापड, त्यावर पिवळे पक्षी. माझी चोळी अदाकूनेच शिवली होती. रांगेत प्रत्येकीची जागा ठरलेली. अदाकू चौथी, मी पाचवी, तिच्या मागे. एखादी आली नाही तर तिची जागा भरून काढायची नाही, मोकळी ठेवूनच नाचायचं, असा त्यांच्या मंडळाचा नियम होता.

आणि मला येत होतं, हे मुद्दाम सांगते. आपल्याकडे म्हणतात, नाचता येईना अंगण वाकडं. मला नाचता येत होतं आणि अंगणही चांगलं सपाट होतं.

"कशाला शिकवलं मी तुला?" अदाकू विचारते. ती आता ओट्यावर बसून मेथी निवडते आहे.

मला ठाऊक आहे. तेव्हाच तिने सांगितलं होतं. तरणं माणूस गेलं तर त्यांच्यात कुणी नाचत नाही, नुसता आक्रोश असतो. पण म्हातारं माणूस, पोरंनातवंडं बघून गेलेलं, त्याला वाजवत-नाचत पोचवायचं. लेकीने आपलं मंडळ आणायचं. ज्याच्यासाठी कुणी नाचलं नाही, त्याला पलीकडचे वाडवडील विचारतात, तुझं तिकडे कुणीच नव्हतं का रे? अदाकूची आई थकली होती. तिच्यासाठी ही सगळी तयारी चालली होती, आणि अदाकूचा मामा पहिल्यापासून कुरकुरत होता की परकी बाई आमच्या रांगेत कशाला. अदाकूने त्याला तोंडावर सांगितलं होतं, ती परकी नाही, माझ्या आईचं लेकरू आहे.

"सांग की," अदाकू म्हणते. "पाय कसा हाय?"

"थोडा ठणकतो अजून," मी म्हणते. मेथीवाल्या बायका एकमेकींकडे बघतात.

चोराच्या मनात चांदणं. मी प्रयोगशाळेच्या दाराकडे वळते, बाहेर पडावं म्हणून. दार उघडते तर समोर अदाकूच्या आईचं अंगण. तोच दिवस, तिच्या आईला पोचवायचा. मांडवाखाली खुर्च्या आहेत त्या मात्र आमच्या कोपऱ्यावरच्या मंगल कार्यालयातल्या, लाल गवसण्यांच्या. निळ्या कापडातल्या आठ जणी उभ्या राहिल्या आहेत. मीही निळ्या कापडात आहे. आणि पहिल्या रांगेत गावातलं दुसरं भारतीय कुटुंब बसलं आहे, तेव्हा बसलं होतं तसंच. मिसेस कुलश्रेष्ठ मांडीवर कॅमेरा घेऊन माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघतात आणि हसतात.

"अरे, आप भी? इन लोगों के साथ?"

एवढंच. बाकी काही म्हणाल्या नाहीत बिचाऱ्या. शेजारी आमचे हे बसले होते. ते खाली बघून चष्मा पुसायला लागले. पण माझ्या डोळ्यांपुढे त्या फोटोच्या प्रती मिरजेपर्यंत पोचल्या. सासूबाईंच्या हातात, नणंदेच्या हातात. परचुऱ्यांची सून मयतावर कंबर हलवते आहे. आमच्यात असं नसतं, मी मनाशी म्हटलं. तेही खोटंच. माझ्या आजोबांना टाळ-मृदंग लावून अख्ख्या गल्लीतून वाजत नेलं होतं, मी स्वतः त्यामागून चालले होते.

मंडळाची लोखंडी घंटा वाजली, मडक्यांवर तळवे पडले, आणि मी दोन पावलं टाकून एकदम खाली बसले. घोटा धरला. "आई गं" म्हणाले. मराठीतच म्हणाले.

मग मी लाल गवसणीच्या खुर्चीत बसून राहिले, नाकाला रुमाल लावून, आणि त्या नाचल्या. चौथ्या आणि सहाव्या बाईच्या मध्ये एका माणसाएवढी जागा. ती जागा वळायची, पुढे यायची, मागे जायची, वाकायची. सगळं गाव त्या जागेकडे बघत होतं. मी मिसेस कुलश्रेष्ठांच्या पर्सचा बंद बघत होते.

पुढे आठ दिवस अदाकू रोज संध्याकाळी माझ्याकडे आली. स्वतःच्या आईच्या सुतकात. ताडाच्या बियांचं काळं तेल घेऊन यायची, माझा पाय मांडीवर घ्यायची आणि चोळायची. मी "हळू गं" म्हणायची. जनाची नाही तर मनाची तरी असावी माणसाला. माझ्याकडे जनाचीच होती तेवढी.

अजून सगळं सांगून झालेलं नाही. अदाकू गेली त्या दिवशी तिच्या मुलीचा, चिओमाचा फोन आला. त्यांच्याकडे दफन लगेच नसतं. माणसं जमवायची, घर रंगवायचं, तोवर महिना जातो. "येत्या महिन्यातल्या दुसऱ्या शुक्रवारी आहे, आंटी. मंडळातल्या तुम्ही तिघीच उरलात. तुम्ही येऊ शकणार नाही, पण फोनवर दोन मिनिटं नाचून पाठवा. तुमच्या जागेवर आम्ही पडदा उभा करून त्यावर तो व्हिडिओ लावू." मी शहात्तर वर्षांची, नवऱ्यामागे राहिलेली बाई. मुलाच्या हातात तो व्हिडिओ पडला तर, सुनेने बघितला तर, असं सगळं एका क्षणात मनात येऊन गेलं. आणि मी म्हणाले, "अगं चिओमा, माझा पाय..."

"अजून तोच पाय, आंटी?" ती म्हणाली. टोमणा नव्हता हो त्यात. खरी काळजी होती. "आई सांगायची त्या पायाबद्दल."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

"न्वान्ने."

अंगण रिकामं झालं आहे. खुर्च्यांवर आता कुणी नाही, नुसत्या लाल गवसण्या. अदाकू माझ्यासमोर उकिडवी बसली आहे, मांडीवर माझा पाय. तिचे केस पांढरे झाले आहेत. मी ते पांढरे झालेले कधी पाहिलेच नव्हते.

"तिसऱ्यांदा इचारते. पाय कसा हाय?"

"पाय मुरगळलाच नव्हता," मी म्हणते.

अंगठा थांबतो.

मला वाटलं होतं, ती म्हणेल, मला ठाऊक होतं गं वेडे. इतकी वर्षं मी हीच आशा धरून होते, की तिला आतून कळलंच असेल. पण तिचा चेहरा बघते आणि कळतं, तिला ठाऊक नव्हतं.

"मी आठ दिवस चोळला," ती हळू म्हणते.

"हो."

"मामा मरोस्तवर इचारायचा मला. तुझी ती बहीण बरी झाली का? मी म्हणायची, बरी झाली असंल, तिच्या देशात डाक्टर चांगले हायेत. पोरीला मी सांगितलं, तुझ्या आजीसाठी ती नाचाया उतरली आन् पाय मोडून घेतला तिनं."

"अदाकू, मला लाज वाटली."

"कुणाची? माझ्या आईची?"

"नाही गं."

"मग कुणाची?"

मी खुर्च्यांकडे बघते. रिकाम्या. उत्तर द्यायला तोंड उघडते तर त्या कुलश्रेष्ठबाईंचं पहिलं नावसुद्धा मला आठवत नाही. मी रडायला लागते. अदाकू माझे डोळे पुसत नाही. माझा पाय मांडीवरून उचलून खाली मातीवर ठेवते, जरा जोरातच ठेवते, आणि उठते.

"मला शुक्रवारी जायाचंय," ती म्हणते. "तिकडं गेल्यावर इचारतील, पाचवी कुठं हाय?"

आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहते. मडकं वाजायला लागतं. ते कोण वाजवतंय दिसत नाही. ती वाकते. मी पदर खोचते आणि तिच्या मागे वाकते. पाचव्या जागेवरून पुढचीचं तोंड दिसत नाही, फक्त पाठ दिसते आणि टाचा. माझं चुकतं, पावलं जड पडतात, गुडघे कडकडतात. ती एकदाही वळून बघत नाही, पण मी मागे पडले की तिची पावलं जरा लहान होतात. अंगण लांबत जातं, मंडई मागे पडते, मग शाळा. मी ओरडून म्हणते, अदाकू, मला माफ केलंस का? मडक्याच्या आवाजात तिला ऐकू जात नाही. घंटा वाजते. परत वाजते. परत.

घंटा दारावरची आहे.

मी पलंगावर नाही. पुढच्या खोलीत मधोमध उभी आहे, अनवाणी, पदर कमरेला खोचलेला, घामाने चिंब. टाचा फुणफुणताहेत. घड्याळात सव्वाचार. तशीच जाऊन दार उघडते.

खालच्या मजल्यावरची हर्षदा. एका हातात दुधाचं पातेलं, दुसऱ्या तळहातावर रुपयाएवढा चुन्याचा पोपडा, त्याला दुधाची साय चिकटलेली.

"काकू, बऱ्या आहात ना? कधीपासून धप धप आवाज येतोय. आमच्या छताचा हा तुकडा पडला, थेट दुधात. मी घाबरलेच. पडलात का कुठे? पाय वगैरे मुरगळला का?"

बघा, जगाला माझ्या पायाची किती काळजी. सबब आयती दारात आली होती. मला नुसती मान हलवायची होती.

"पाय ठणठणीत आहे," मी म्हणते. "नाचत होते."

"नाचत?"

"माझी बहीण वारली. शुक्रवारी तिला पोचवायचंय. तिच्यासाठी नाचावं लागतं."

हर्षदा माझ्याकडे बघते, खोचलेल्या पदराकडे, माझ्या ओल्या तोंडाकडे. मला ती नजर सोसत नाही, तरी मी दार लावत नाही. ती पुढे होते आणि पोपडा माझ्या तळहातावर ठेवते. अजून कोमट आहे तो.

"अजून राहिलंय का, काकू?" ती विचारते. "म्हणजे मी पातेलं झाकून ठेवते."

"राहिलंय," मी म्हणते. "आणि झाकून झालं की तुझा फोन घेऊन वर ये."