निम्मं विसरणारे मास्तर

शेजारच्या घरात एक मास्तर आणि एक बाई. घोटाळा करू नका: शाळेत गणित शिकवलं ते बाईंनी, मास्तरांनी जन्मभर कपडे शिवले. माणूस हिऱ्यासारखा, पण प्रत्येक गोष्टीतलं निम्मं विसरणारा. दूध आणायला जायचे आणि चौकातली बातमी घेऊन यायचे.

परवा बाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, डोळ्यांवर ऊन नको. आणि बाईंचा जीव अंगणातल्या खुर्चीत! घरात कोंडलं तर भिंतींकडून पाढे म्हणून घेतील. म्हणून उद्या बाई घरी यायच्या आत अंगणावर कापड ताणायचं, असं मास्तरांनी ठरवलं.

भिंतींत चार कड्या होत्या, त्यांचा आकार झाला पतंगाचा. उभा कर्ण चार मीटर, आडवा तीन. मास्तरांनी गुणाकार केला: बारा. दुकान बंद करताना राखलेलं जाड निळं कापड उलगडलं: लांबी चार, पन्हा दीड. म्हणजे सहाच! तसलं दाट कापड आता बाजारात मिळत नाही.

शेवटी त्यांनी बाईंना दवाखान्यात फोन लावला.

"अगं, कापड निम्मंच भरतंय."

"कर्णांचा गुणाकार केलात ना? मग त्याचं निम्मं कोण करणार?"

"निम्मं कशाला?"

"अहो, बारा म्हणजे पतंगाभोवतीचा अख्खा आयत. त्याचे चार कोपरे कुणाच्या डोक्यावर धरणार? शेजाऱ्यांच्या?"

मास्तर खो खो हसले आणि कात्री शोधायला धावले.

कर्ण जिथे एकमेकांना छेदतात, त्या मापावर त्यांनी कापड आडवं कापलं. दोन्ही तुकडे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके कापले. चार त्रिकोण झाले. कापड दोन्ही बाजूंनी सारखं, म्हणून दोन त्रिकोण बिनधास्त उलटे केले आणि जोडले. पतंग! शिवणीत बोटभर गेलं, ते दोरीनं भरून काढलं.

दुसऱ्या दिवशी बाई काळा चष्मा लावून निळ्या सावलीत बसल्या. वर बघून म्हणाल्या, "शिवण बरोब्बर दोन्ही कर्णांवरून!"

"तुला तपासायला सोपं." मास्तर घुटमळले. "अगं, तू आहेस म्हणून..."

"वाक्य निम्मंच सोडलंत."

मास्तरांनी आपली खुर्ची बाईंच्या खुर्चीला भिडवली आणि वाक्य पुरं केलं. ते इतक्या हळू, की आम्ही कुंपणाला कान लावूनही ऐकू आलं नाही. बाईंनी मात्र चष्मा काढून डोळे पुसले; डॉक्टरांनी त्याबद्दल काही बजावलं नव्हतं.