पाचव्या दिवसाचा डबा

किस्से म्हणजे आमच्या माळ्यावरचे डबे. वर्षानुवर्षं कोणी हात लावत नाही, आणि एक काढायला स्टुलावर चढलं की वरचे चार धाडधाड डोक्यावर! तुम्ही म्हणालात, विक्रोळीच्या चाळीतलं एखादं सांगा. सांगतो. पण एकावर थांबणार नाही, आधीच बजावून ठेवतो. आणि शुद्धलेखन बघू नका. आपण सातवी नापास. पास झालो असतो तर सुपरवायझर झालो असतो. पण सुपरवायझर किस्से करत नाही हो, त्याच्यावर होतात!

माणसं चारच लक्षात ठेवा. मी बाबल, कारखान्यात पंप जोडायच्या खात्यात, खिशात कायम नट-बोल्ट. माझी बायको सुलू. डाव्या खोलीत कांबळे, माझ्याच खात्यातला, साताऱ्याकडचा. इतका सरळ की खोटं बोलायच्या आधी परवानगी मागेल. उजव्या खोलीत शांताबेन. तिचा नवरा कापडाच्या दुकानात आणि ती सगळ्यांच्या घरात.

आणि आमची सुमी.

*

ऐंशीच्या पुढेमागे कांबळेनं टीव्ही घेतला. मजल्यावरचा पहिला, लाकडी शटरवाला. रविवारी संध्याकाळी सिनेमा, आणि अख्खी चाळ कांबळेच्या दहा बाय बारात. चपलाच एवढ्या की दारापासून जिन्यापर्यंत रांग.

अँटेना फिरवायचं खातं माझ्याकडे. मी पत्र्यावरून ओरडायचो, "आलं का?" खालून कोरस, "आलं... आलं... गेलं!"

एकदा खाली उतरलो आणि शांताबेनला गंभीर तोंड करून म्हटलं, "बेन, पडद्यावर मुंग्या का येतात माहीत आहे? लहरी खिडकीतून पळून जातात. स्टीलची थाळी धरून कोणी उभं राहिलं, तर परत आत येतात."

गेली, थाळी घेऊन आली आणि उभी! तीन तास. हिरॉइन मेली तेव्हा ढसाढसा रडली, पण थाळी हलू दिली नाही.

सिनेमा संपल्यावर माझ्याकडे येऊन म्हणते, "बाबलभाई, एकदम क्लिअर होता हां!"

पुढच्या रविवारी खिडकीत सात बायका, सात थाळ्या. आणि आईशप्पत सांगतो, चित्र खरंच साफ आलं!

*

सुमीचे कान म्हणजे काय सांगू. माठाला कान लावून पाणी किती उरलंय ते सांगायची. मी कामावरून आलो की माझ्या पोटाला कान लावायची आणि डोळे मिटून म्हणायची, "बाबा, आज कॅन्टीनला कांदाभजी. तीन प्लेट." सुलू माझ्याकडे बघायची. मी छताकडे बघायचो.

नवरात्रात चाळीत भोंडला असायचा. आमच्या मालवणाकडे नव्हता तो प्रकार, घाटावरच्या बायकांनी आणला. पाटावर हत्ती काढायचा, भोवती पोरींचा फेर, गाणी, आणि शेवटी खिरापत. रोज एका घरची. चौथा दिवस शांताबेनचा, पाचवा आमचा. झाकण लावलेला डबा पोरींपुढे ठेवायचा. त्यांनी तो हलवायचा, कानाला लावायचा आणि आत काय आहे ते ओळखायचं. नाहीच ओळखलं तर सगळ्यांनी एका सुरात "हरलो!" म्हणायचं, मग झाकण उघडायचं.

सुमी असताना कोणाचं झाकण बंद राहतंय? डबा एकदाच हलवायची. "चकल्या. एक तुटलीय." उघडून बघावं तर एक तुटलेली!

तर त्या वर्षी माझ्यातला किडा वळवळला. शांताबेनच्या डब्यात सुखडीच्या वड्या होत्या. ती देवाला फूल वाहायला वळली तेवढ्यात मी झाकण उचकटून दोन नट आणि एक वायसर आत सोडला. धुऊन हां! आपण कारखान्यातले असलो तरी माणसं आहोत.

सुमीनं डबा हलवला. डोळे मिटले.

"सुखडी."

शांताबेन खूश. टाळी वाजवणार, इतक्यात सुमीनं पुन्हा कान लावला.

"आणि दोन नट."

शांताबेनची टाळी हवेतच राहिली.

"आणि एक वायसर. पाव इंची!"

अख्ख्या चाळीनं माना वळवून माझ्याकडे बघितलं. सुलू नुसती "अहो" म्हणाली. पण त्या एका अहोत मालवणातल्या सगळ्या शिव्या बसल्या होत्या.

*

हा किस्सा नाही म्हटला तरी चालेल. पण याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

त्याच थंडीत एका रविवारी आम्ही तिघं खाडीवर गेलो. तिकडे तिवरांतून एक पायवाट होती. ऊन उतरलेलं, चिखल चांदीच्या ताटासारखा, आणि त्यावर खेकड्यांची इवली इवली भोकं. सुमी ओणवी होऊन एकेका भोकाला कान लावत होती. सुलू मागून शिंपले वेचत येत होती, पदराचा ओचा भरलेला.

आणि भरती आली. तुम्ही कधी बघितलीय खाडीची भरती? समुद्रासारखा गाजावाजा नाही. मघाशी चिखल होता तिथे आता पाणी. कधी आलं, कोणाला पत्ता नाही. तिवरांच्या बुंध्यांभोवती ते हळूहळू चढत होतं आणि आकाश त्याच्यात उतरत होतं. सुमी बराच वेळ बघत राहिली.

"बाबा, याला आवाजच नाही."

"नाही."

"आवाज न करणारी खिरापत असते?"

"असते तर!"

"कसली?"

"सांगितली तर तू ओळखशील."

मग म्हणाली, "आपल्या दिवशी मला घराबाहेर ठेवा. आणि तीच करा. मला एकदा हरायचंय."

"पाचव्या दिवशी," मी म्हटलं. "वचन!"

आता तुम्हाला म्हणून सांगतो, असली खिरापत कुठली असते ते मला काय ठाऊक? थाप होती ती. म्हटलं, नवरात्राला अजून आठ-नऊ महिने आहेत. सुचेल.

श्रावणात ताप आला आणि चार दिवसांत सुमी गेली. नऊ वर्षांची होती.

*

घरात चूल पेटत नव्हती. शांताबेन रोज दुपारी थाळी घेऊन यायची. डाळ, भात, कढी. आत यायची नाही. दारात उभी, थाळी छातीशी.

चौथ्या दिवशी मीच म्हटलं, "बेन, बसा तरी."

"नाही बाबलभाई. तू जेवशील, सुलू जेवेल, तोपर्यंत मी हलणार नाही."

"पण उभं कशाला राहायचं?"

म्हणते, "तुमच्या घरात चित्र साफ येत नाही ना."

ती मस्करी करत होती, की थाळीचं तिला अजूनही खरं वाटत होतं, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. जेवलो आम्ही. दोघंही.

*

मी खोड्या सोडल्या. ठरवून नाही. हात खिशात जायचा, नट-बोल्ट चाचपायचा आणि तसाच बाहेर यायचा. कॅन्टीनला लोक चहाचा कप आधी वास न घेता प्यायला लागले, यावरून समजा.

कांबळेला ते बघवेना. एका संध्याकाळी दारात येऊन उभा. घामाघूम.

"बाबल, तुला एक सांगायचंय. रागवू नको."

"बोल."

"उद्या मी तुझ्या चपला लपवणार हाय."

"का रे?"

"मस्करी म्हणून. एकदम लपवल्या तर तुझ्या जिवाला लागंल. म्हणून आधी विचारतोय. चालंल न्हवं?"

म्हटलं, "लपव बाबा."

दुसऱ्या दिवशी लपवल्या. संध्याकाळी मी म्हटलं, "दे आता." तर याचं तोंड पांढरं फटक. कुठे लपवल्या ते हाच विसरला! रात्रपाळीहून येऊन अर्धवट झोपेत लपवलेल्या. शोध शोध शोधल्या. शेवटी स्वतःच्या चपला काढून माझ्या पायात घातल्या आणि तीन दिवस हा कारखान्यात अनवाणी! सुपरवायझरनं विचारलं तर म्हणे, "साहेब, बाबलची मस्करी चाललीय."

रविवार आला. चाळ जमली. थाळ्या खिडकीत लागल्या. कांबळेनं टीव्ही हळदी-कुंकू लावायचं असल्यासारखा पुसला आणि ऐटीत शटर सरकवलं. आत काचेसमोर माझ्या चपला. जोडीनं, देवापुढे ठेवाव्यात तशा!

मी हसलो. पोटातून. भिंतीला टेकलो आणि हसतच राहिलो. आणि मग एकदम लक्षात आलं, आपण हसतोय. पोरगी जाऊन तीन महिने नाही झाले. उठलो आणि घरी आलो.

सुलू खाटेवर बसली होती. मधली भिंत म्हणजे नुसती फळी, सगळं ऐकू यायचं.

"हसलात?"

"हो." मान खाली.

"मग मला पण सांगा ना."

सांगितलं. चपला, शटर, सगळं. ती नाही हसली. नुसतं म्हणाली, "जोडीनं ठेवलेल्या?" आणि भिंतीकडे तोंड केलं. खांदे हलत होते. हसत होती की रडत होती? मी पाठीवर हात ठेवून बसलो. हाताला काही कळलं नाही.

*

मधल्या नवरात्राचं सांगायचं राहिलं. चपलांच्या आधी महिनाभर. सुलूनं डबा काढलाच नाही. आता पाचवा दिवस मोकळा. चाळीत एवढी बिऱ्हाडं, कोणीही उचलून घेतला असता. पण कोणी हात लावला नाही.

त्या संध्याकाळी पोरींनी हत्ती काढला, फेर धरला, गाणी म्हटली आणि काही न खाता घरी गेल्या. कांबळेची रत्ना सगळ्यात शेवटी. सुमीची जोडीदारीण ती. आमच्या बंद दाराकडे बघत बघत गेली.

शांताबेननं फर्मान काढलं होतं, "चौथ्यानंतर सहावा. पाचवा सुमीचा आहे. तिची मम्मी देईल तेव्हा खायचा."

दुसऱ्या वर्षीही तसंच. सुलू दाराच्या फटीतून बघत होती. पोरी गेल्यावर मला म्हणाली, "दोन वर्षं उपाशी परत जातायत हो."

वचन माझं. आणि मला अजून काही सुचलेलं नव्हतं.

*

आता शेवटचा.

तिसऱ्या वर्षी चौथ्या माळेला सकाळी मी दाढी करतोय आणि मागे धाडधाडधाड! वळून बघतो तर सुलू स्टुलावर, खाली डब्यांचा ढीग, आणि तिच्या हातात तो भोंडल्याचा पितळी डबा.

"सुलू, तू..."

"तुम्ही उद्या घराबाहेर. दिवसभर. तुमचा हात या डब्याला लागता कामा नये, कळलं?"

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी खाडीवर जाऊन बसलो. शांताबेनचा दूधवाला सकाळीच कसलीशी किटली घेऊन आमच्या घरात शिरताना दिसला होता, तेवढंच.

संध्याकाळी आलो तेव्हा फेर संपत आला होता. चाळ गॅलरीत उभी. सुलूनं पदराखालून डबा आणला आणि रत्नापुढे ठेवला. तिनं डबा हलवला.

आवाज नाही.

जोरात हलवला. नाही! कान लावला. नाही! डबा पोरीपोरींतून फिरला.

"रिकामाय!"

"ए, जड आहे केवढा!"

"बाबलकाकांनी दगड भरलाय!"

"माझा हात नाही!" मी ओरडलो. "देवाशप्पत!"

कोणाचा विश्वास बसतोय? कांबळे वरून, "बाबल, पोरींना तरी सोड की लेका!"

शिरा? नाही. केळी? नाही. माती? नाही. नावं संपली. शेवटी सगळ्यांनी एकमेकींचे हात धरले आणि चाळभर घुमेल असं म्हटलं, "हरलो!"

सुलूनं झाकण काढलं.

खरवस. काठोकाठ. डब्यातच उकडून घट्ट जमलेला, वर वेलची, गुळाचा फिकट रंग. न हलणारा, न वाजणारा. दिव्याच्या उजेडात खाडीच्या पाण्यासारखा निवांत.

मी सुलूकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. वड्या कापत होती. "घ्या गो, घ्या. दोन दोन घ्या." पोरी तुटून पडल्या. कांबळे चार खाऊन "गोड जरा कमी हाय" म्हणत पाचवी उचलत होता. शांताबेन डोळे पुसत खात होती, की खात खात डोळे पुसत होती.

डबा तळाला आला. शेवटची वडी रत्नानं बोटांनी खरवडून काढली आणि थांबली.

"काका!"

"काय गं?"

तिनं डबा उचलला आणि हलवला.

खण्ण!

तळाशी एक वायसर.

अख्ख्या चाळीनं माना वळवून माझ्याकडे बघितलं. कांबळे म्हणाला, "बाबल, धुतला तरी व्हतास का?"

मी शप्पत घेतली. देवाची, आईची, कांबळेच्या टीव्हीची. मी दिवसभर खाडीवर होतो हो! एकानं ऐकलं नाही. म्हणून मी सुलूकडे वळलो, म्हटलं आता तूच सांग यांना.

सुलूनं पदर तोंडावर दाबून धरला होता. खांदे हलत होते. या वेळी मला पाठीवर हात ठेवावा लागला नाही.

"पाव इंची," ती म्हणाली.