थोडासाच बीपी

कापसाच्या हंगामात आमच्या दिग्रसच्या व्यापाऱ्यांइतका संशयी प्राणी शोधून सापडायचा नाही. गाडी आली की आमचे हे कोपरापर्यंत हात आत घालायचे. वरचा कापूस ते बघतच नसत. आतून मूठभर काढायचा, दाबायचा, गालाला लावायचा आणि तोंड वाकडं करायचं. शेतकरी अजिजीनं म्हणायचा, "थोडीशीच ओल हाय जी, सकाळचं दंव." यांचं उत्तर ठरलेलं, "थोडीशीच ओल आतून गरम होते न सारा ढीग पिवळा पाडते." आणि भाव तोडायचे.

असला चाणाक्ष माणूस दाढ काढायला यवतमाळला गेला, तिथं दंडाला पट्टा बांधला आणि बीपी थोडा वाढलेला निघाला. पुन्हा मोजला, पुन्हा तसाच. मोठ्या डॉक्टरांनी नीट समजावलं, "आज काही जाणवणार नाही. पण असाच राहिला तर हृदय, मेंदू, मूत्रपिंड, सगळं आतून झिजतं. माणूस वेळेआधी जातो." मीठ कमी सांगितलं, चालायला सांगितलं, एक बारीकशी गोळी दिली.

गोळी घेणं आठवडाभर टिकलं असेल. संध्याकाळी जिनिंग कारखान्याच्या ओट्यावर यांच्या दोस्तांची बैठक बसायची, खारे शेंगदाणे आणि बढाया. त्या बैठकीत बीपीचीही प्रतवारी होती. ज्याचा जास्त, त्याची उलाढाल मोठी. थोडासा वाढलेला म्हणजे किरकोळ गिऱ्हाईक. त्यातला एक ढेरपोट्या दलाल सगळ्यात जोरात हसला म्हणे. "भाऊ, एवढ्याशा बीपीले कोनी गोळी खाते का? एकदा सुरू केली का जनमभर खा लागते." जनमभर खावी लागेल म्हणून घाबरणारी ही शहाणी माणसं! जनम किती उरलाय, हे कुणी विचारलं नाही.

मी चहाच्या कपाशेजारी गोळी ठेवायची. हे ती बशीखाली सरकवायचे.

"मले काय झालं? डोकं दुखते का चक्कर येते? थोडासाच त हाय."

"गाडीतली थोडी ओल तुमाले चालत नाही, मंग हे कसं चालते?"

"मी काय कापूस हाय का?" म्हणाले आणि ठेच्यावर वरून मीठ घेतलं. माझ्याकडे बघत घेतलं, हे विशेष.

पुढच्याच हंगामात, जिनिंगच्या भर आवारात, गाडीत हात घातलेला असतानाच हे वाकडे झाले. मेंदूतली नस फुटली होती. यवतमाळला पोचेपर्यंत सगळं आटोपलं. लेकीचं लग्न ठरायचं होतं. मला दुःख झालं, पण त्याच्याआधी राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

तेरवीला सगळी बैठक आमच्या पडवीत येऊन बसली. कुणी म्हणे नजर लागली, कुणी म्हणे वेळच भरली होती. "बीपी त थोडासाच होता, त्यानं काई मानूस मरते का?" असं म्हणत वडे मात्र मागून मागून खाल्ले. मी वाढत होते. एकेकाच्या पानात वडा टाकताना मला त्यांची किळस येत होती, आणि हात थांबत नव्हता.

पानं उठल्यावर तो दलाल एकटाच स्वयंपाकघराच्या दाराशी आला. इकडेतिकडे बघितलं. टोपी काढून हातात धरली.

"वहिनी, भाऊच्या त्या गोळ्या उरल्या असतीन न? वाया कायले जाऊ द्याच्या?"

गोळ्या फडताळात तशाच होत्या, जवळजवळ सगळ्या. मी जागची हलले नाही.

"दुसऱ्याच्या गोळ्या खात असतेत का? आधी डॉक्टरकडं जा," मी म्हटलं. "बीपी मोजून घ्या."

"मोजला न," तो ओशाळं हसत म्हणाला. "थोडासाच हाय."