कासिमिराच्या दोन तारा

आमच्या ओरुरो शहरात बँडच्या कर्ण्याला म्हणा, देवाच्या मूर्तीला म्हणा, मुलामा द्यायचा तर कासिमिरानेच. तिच्या दुकानाला लागून मी अपी विकते, जांभळ्या मक्याचं गरमागरम पेय. त्यामुळे तिचं भाषण मला तोंडपाठ आहे. ‘विजेची दोन टोकं सारखी नसतात बाई. अ‍ॅनोडला टांगलेलं सोनं झिजतं, द्रावणात उतरतं, आणि कॅथोडला टांगलेल्या वस्तूवर जाऊन बसतं. एक देणारं, एक घेणारं. तारा उलट्या लावल्या की झाला घोळ.’

आणि घोळ केला तो तिनेच. नजर अधू झालेली, पण चष्मा लावायला लाजायची.

कार्निव्हल तोंडावर आला होता. खाणीत नवरा गमावलेली निकोलासा गल्लीतल्या मेरीमातेचा मुकुट घेऊन आली. त्याचं सोनं पार विटलं होतं. अ‍ॅनोडला टांगायला तिने बोटातली लग्नाची अंगठी काढून दिली. ‘सगळी झिजली तरी चालेल,’ म्हणाली, पण अंगठी मुठीतून लवकर सोडेना. मला बघवेना.

कासिमिराने दोन्ही टांगून बटण दाबलं. थोड्या वेळाने बाहेर काढते तर काय, मुकुटाचं खालचं तांबं उघडं पडलेलं आणि अंगठी लख्ख, जाडजूड.

निकोलासाने गुडघेच टेकले. ‘माउलीने परत केली,’ म्हणत रडायला लागली.

मी कासिमिराला डोळ्यांनी खुणावलं, गप्प बस. पण ऐकेल तर कासिमिरा कसली? ‘माउलीने नाही, निकोलासाबाई. मी तारा उलट्या लावल्या. आत्ता सुलट करते, सोनं मुकुटावर परत जाईल.’

‘तुला कमी दिसायला कोणी लावलं? माउलीनेच ना?’ असं म्हणून निकोलासाने अंगठी बोटात सरकवली आणि ती घरी गेली.

‘आणखी लाज चष्मा लावायला,’ मी कासिमिराला झापलं. ‘आता माउलीला काय तांब्याचं टोपलं घालणार?’

मिरवणुकीत मुकुट नव्यासारखा झळकत होता. निकोलासा अंगठीचा हात उंचावून नाचत होती. माझ्या शेजारी कासिमिरा उभी होती, नाकावर चष्मा आणि कान भुंडे. त्या कानांत तिच्या आईचे सोन्याचे झुमके असायचे, झोपतानाही काढायची नाही.

‘अगं, झुमके?’

‘अ‍ॅनोडला काहीतरी टांगायला हवंच होतं,’ ती म्हणाली. ‘या वेळी तारा तीनदा तपासल्या.’