कूलरची बुरशी

एप्रिल लागला की धंतोलीतल्या आमच्या रुग्णालयात दोन गोष्टी सोबतच सुरू होतात. बाहेर नातेवाइकांच्या बसायच्या जागेत मोठे कूलर लागतात आणि माझ्या लॅबमधल्या, पेशंटांचे नमुने वाढवायच्या प्लेटांवर हिरवी बुरशी उगवायला लागते. कूलरच्या ओल्या गवतातून हवा येते, हवेसोबत बुरशीचे बीजाणू. आयसीयूत कूलर नाही, पण तिथलं दार दिवसभर उघडझाप करत असतं. त्यामुळे उन्हाळ्यात एखाद्या पेशंटच्या श्वासनळीतल्या स्रावातून हिरवं काही उगवलं की आम्ही सगळे एकच म्हणतो, कूलरची आहे. नमुना परत मागवायचा आणि प्लेट टाकून द्यायची. नागपुरात हे कोणाला शिकवावं लागत नाही.

बहुतेक वेळा ते खरंही असतं. वैताग आहे तो त्याचाच.

बुरशी श्वासनळीत नुसती बसलेली असू शकते किंवा फुप्फुसाच्या मांसात शिरलेली असू शकते. पहिली काही करत नाही, दुसरी जीव घेते, आणि प्लेटवर दोन्ही सारख्याच दिसतात. पुस्तकात यासाठी तीन पायऱ्या आहेत: शक्य, संभाव्य, सिद्ध. 'सिद्ध' म्हणायचं तर फुप्फुसाचा तुकडा हवा आणि त्यात शिरलेले तंतू डोळ्यांना दिसायला हवेत. व्हेंटिलेटरवरच्या माणसाचा तुकडा कोण काढणार? रक्तस्रावानेच तो जायचा. या व्याख्या मुळात रक्ताच्या कर्करोगाच्या पेशंटांसाठी बेतलेल्या. आयसीयूवाल्यांनी त्या आपल्या मापाच्या करून घेतल्या, तरी कुठेतरी आखूड पडतातच.

त्या उन्हाळ्यात एक पेशंट आला. उमरेडच्या विणकरांच्या घरातला, पण स्वतः कळमेश्वरच्या कारखान्यात नोकरीला. फ्लूने फुप्फुसं भरली, व्हेंटिलेटर लागला, सोबत स्टेरॉइड. काही दिवसांत त्याच्या नमुन्यात हिरवी बुरशी उगवली. आयसीयूचे डॉक्टर प्लेट बघून म्हणाले, "कूलरची असेल, मॅडम." मीही तेच म्हणणार होते. पण फ्लू आणि स्टेरॉइड एकत्र आले की बुरशीला रान मोकळं मिळतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. परत नमुना मागवला. परत तीच.

रक्ताची तपासणी स्वच्छ आली. पण ज्याच्या पांढऱ्या पेशी शाबूत असतात त्याच्या रक्तात या बुरशीचा अंश फारसा टिकत नाही, त्यामुळे त्या स्वच्छपणावर विसंबता येईना. स्कॅनमध्ये फ्लूनेच सगळं पांढरं करून ठेवलं होतं, त्यात बुरशीचा डाग वेगळा ओळखू येईना. अंदाजाने बुरशीचं औषध सुरू करावं तर ते यकृतावर जातं, आणि त्याचं यकृत आधीच बिघडलेलं. उरला एकच मार्ग, दुर्बीण घालून फुप्फुस धुवायचं आणि त्या पाण्यात बुरशीचा अंश शोधायचा. पण ऑक्सिजन इतका खाली होता की दुर्बीण घालायची डॉक्टरांची हिंमत होईना. आम्ही थांबलो.

त्याची बायको सक्करदऱ्याला बहिणीकडे उतरली होती. सकाळी यायची आणि कूलरसमोरच्या खुर्चीत बसून राहायची. बुरशीचं तिच्या कानावर आलं होतं. एका दुपारी ती लॅबच्या दाराशी आली.

"मॅडम, तुमीच पाहून राहिले ना ते? बुरशी हाय का नाई, एवढंच सांगा मले."

"शक्य आहे," मी म्हणाले.

"शक्य त सारंच असते. पक्कं काहून नाई सांगत कोनी?"

मी तिला नळी, मांस, तुकडा, सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. "मंग पक्कं कधी होते?"

खरं उत्तर मला माहीत होतं. मी "पाहू" म्हणाले आणि आत वळले.

ऑक्सिजन जरा सावरल्यावर फुप्फुस धुतलं. पाण्यात अंश भरपूर निघाला. म्हणजे संभाव्य. औषध लगेच सुरू झालं, पण तोवर मूत्रपिंडंही थकली होती. थोड्याच दिवसांत तो गेला.

डॉक्टरांनी घरच्यांना विचारलं, सुईने फुप्फुसाचा एक कण काढू का. त्याचा भाऊ भडकला. "आता काहून टोचता त्याले? गेला ना तो." बायको म्हणाली, "घ्या. पन काय निंगते ते मले सांगा लागन."

त्या कणाची स्लाइड पॅथॉलॉजीवाल्यांनी मला बोलावून दाखवली. रक्तवाहिनीची भिंत भेदून आत गेलेले, फाटे फुटलेले तंतू. शंकेला जागाच नव्हती. उत्तर सापडलं म्हणून क्षणभर मला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची मला अजून भीती वाटते.

आता उन्हाळ्यात हिरवी प्लेट हातात आली की ती टाकायच्या आधी मी उगाच उजेडात धरते. टाकल्यावरही ती दिवसभर पाठ सोडत नाही. घरी फ्रिजमधल्या लिंबावर हिरवा ठिपका दिसला की व्हेंटिलेटरचा तो सुस्कारा कानात सुरू होतो. घरचे हसतात, मी लिंबू फेकते आणि हात धूत राहते.

स्लाइडवर काय निघालं ते त्याच्या बायकोला सांगायचं काम तेव्हा डॉक्टरांनी माझ्यावर ढकललं. मी सक्करदऱ्याला गेले. तिच्या बहिणीने पाणी दिलं. बुरशीच होती, मी सांगितलं, आता त्यात काही शंका नाही.

"म्हणजे पक्कं झालं," ती म्हणाली.

"हो."

"मंग आता त्याईले कोनतं औषध द्या लागते?"

आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी औषधाचं नाव सांगितलं. तिला ते नीट म्हणता येईना, म्हणून मी पुन्हा सांगितलं.