गरोदरपणात मला कुणी विचारलं नाही ते

"हे पोस्टपार्टम डिप्रेशन आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. म्हणजे बाळंतपणानंतर येणारं नैराश्य. माझी मुलगी तेव्हा अडीच महिन्यांची होती. ती माझ्या थोरल्या जावेच्या, कुंदाताईंच्या मांडीवर होती, कारण मी तिला घेतच नव्हते.

ही २०१६ ची गोष्ट. आम्ही डहाणूजवळच्या चिखल्याचे, नवरा मच्छीमार बोटीवर. सिझेरियन होऊन महिनाही झाला नव्हता, तोच मी बोंबील वाळत घालायला लागले. बाळ झोपलं तरी मला झोप नव्हती. ती रडायची तेव्हा वाटायचं, शेजारच्या घरात कुणाचं तरी मूल रडतंय.

सासूबाई म्हणायच्या, "आम्ही पाच पाच बाळंतपणं काढली. असले नखरे करायला वेळ कुणाला होता?"

नवरा बोटीवरून आला की म्हणायचा, "पोरगी धडधाकट आहे. मग तुला झालंय काय?"

काय झालंय ते मलाही सांगता येत नव्हतं.

एका सकाळी मी मुलीला अंगणात मासळीच्या टोपलीजवळ ठेवलं आणि किनाऱ्याकडे चालू लागले. काय करणार होते, ठाऊक नाही. परत यायचं नव्हतं, एवढंच ठाऊक होतं. मागून कुंदाताई धावत आल्या. उन्हानं लाल झालेली मुलगी त्यांच्या कडेवर होती. त्या ओरडल्या नाहीत. "भारती, उद्या आपण डहाणूला जायचं," एवढंच म्हणाल्या.

घरी लस द्यायची आहे असं सांगून निघालो. दवाखान्यात पहिल्या डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं. "अशक्तपणा आहे, खात जा." कुंदाताई तिथून हलल्याच नाहीत. त्यांनी किनाऱ्यावरचं सगळं सांगितलं, तेव्हा कुठे आम्हाला मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्या आठवड्यातून एकदाच यायच्या. आम्ही चार दिवसांनी परत गेलो आणि दुपारपर्यंत बाकावर बसून राहिलो.

डॉक्टरबाईंनी एकेक विचारलं. आधी मूल गेलं होतं का? हो, २०१४ साली, जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी. तेव्हा असा त्रास झाला होता? हो, कित्येक महिने. घरात आणखी कुणाला? आईला, धाकट्या भावाच्या वेळी. तिच्यासाठी झाडफूक करायला भगत आणला होता. माहेरचा आधार? नाही. त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून वेवजीच्या माझ्या माहेरच्यांनी संबंध तोडले होते.

"यांना रिस्क फॅक्टर म्हणतात," त्या म्हणाल्या. "म्हणजे ज्यामुळे हा आजार होण्याची शक्यता वाढते. यात तुमचा काहीच दोष नाही."

मला बरं वाटायला हवं होतं. मला संताप आला. गरोदरपणी मी दर महिन्याला तपासणीला जात होते. पहिल्या वेळी मनाचा फार त्रास झाला होता, हे मी स्वतःहून सिस्टरना सांगितलं होतं. "आता ते कशाला आठवतेस? हात पुढे कर, बीपी बघू दे," असं उत्तर मिळालं होतं.

"मग हे आधी कुणी का नाही विचारलं?"

"विचारायला हवं होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

गोळ्या सुरू झाल्या, अंगावर पाजताना चालणाऱ्या. सासूबाई त्यांना वेड्याच्या गोळ्या म्हणायच्या, तेही बाजारात, चार बायकांत. महिन्याभरानं झोप लागायला लागली. मुलीला आपणहून उचलून घ्यायला आणखी तीन महिने गेले. गोळ्या वर्षभर चालल्या.

माझ्यासारखं काही तुमच्या बाबतीत घडलेलं असेल, तर पोटुशी असतानाच सांगा. कुणी उडवून लावलं तर दुसऱ्याला सांगा. मी एकदा सांगून गप्प बसले.

आज मुलगी तीन वर्षांची आहे. सगळे म्हणतात, झालीस ना बरी, आता विसर. झाले बरी. उपकार मानायचे तर कुंदाताईंचे मानते, दुसऱ्या कुणाचे नाही.

मध्यंतरी मी त्यांना विचारलं, "ही पहिल्यांदा हसली कधी?"

त्या मासळी निवडत होत्या. हात थांबले. "दोन महिन्यांची असताना," त्या म्हणाल्या. "तुझ्याकडे बघून हसली होती. दोन-तीनदा."