हाराआडचा लाल दिवा

गंगाखेडच्या जीपस्टँडवर येडबाच्या हातची खाल्ली नाही असा एक डायव्हर दाखवा! लांबच्या भाड्याला निघालेली गाडी दिसली की हा माणूस खिडकीतून मुंडकं आत घालणार, चावी फिरवायला लावणार, आणि इंजिन सुरू होऊनही मीटरमध्ये एखादा दिवा पेटलेला राहिला तर डायव्हरची कॉलर धरून त्याला खाली ओढणार. "गाडी बोंबलायलीय अन् तू गाणी लावायलास व्हय रं?" की लगेच फाडकन. मुंजाजी डायव्हरचा तर दात पडला. पोलीस येऊन गेले, दुसऱ्या दिवशी येडबा पुन्हा स्टँडवर हजर. बायको गेल्यापासून डोकं फिरलंय बिचाऱ्याचं, असं म्हणून लोक सोडून द्यायचे. मारणाऱ्यालाच बिचारा म्हणायचं, वा रे दुनिया!

त्याची बायको दैवशाला जाऊन बारा वर्षं झाली. येडबा तेव्हा स्वतःची जीप चालवायचा. खंडेनवमीला तिनं जीपची पूजा केली आणि झेंडूचा वीतभर जाड हार मीटरवर चढवला. पूजेचा हार दसरा होईस्तोवर काढायचा नसतो, मग आभाळ कोसळो. तसंच दोघं भाड्याची माणसं आणायला परभणीकडं निघाले. पोखर्णीच्या अलीकडं ब्रेक लागलाच नाही. पुढं लोखंडी सळयांची ट्रॉली उभी होती. एक सळई काच फोडून आत आली आणि दैवशालाच्या छातीतून आरपार सीटमध्ये रुतली. येडबाचं नुसतं मनगट मोडलं. हारामुळं ब्रेकचा दिवा दिसला नाही, असं त्यानं पोलिसांना सांगितलं, सोयऱ्यांना सांगितलं आणि पंधरा वर्षांच्या लेकीला, निकिताला सांगितलं. सगळ्यांना पटलं.

यंदा निकिता नवऱ्यासोबत पुण्याहून सणाला आली. जावयानं, शिवशंकरनं, जुनी कार घेतली होती. खंडेनवमीला तिचीही पूजा झाली, हार चढला. दसऱ्याच्या सकाळी परत निघायचं होतं. निकिता चार वर्षांच्या सोनूला मांडीवर घेऊन पुढं बसली, बरोबर तिची माय बसायची तिथं. येडबानं सवयीनं मुंडकं आत घातलं. मीटरवर नुसता झेंडू! त्यानं हार ओढला, तटकन तुटला. खाली लाल दिवा पेटलेला.

"मामा! सणाच्या दिवशी हार तोडला तुमी?" शिवशंकर भडकला. "हँडब्रेकचा दिवा हाय तो."

"हँडब्रेक खाली हाय की, जावईबापू. ब्रेकचं ऑइल गेलंय. माझी लेक अन् नात हाय गाडीत, म्या जाऊ द्यायचो न्हाई."

"चार दिवसांपासून लागायलाय तो. आलोच ना पुण्याहून? सरका!"

गाडी हलली तशी येडबानं गोठ्याजवळची पहार उचलली आणि बॉनेटवर घातली. दुसरा घाव, तिसरा घाव. पत्रा आत गेला, पुढच्या दिव्याच्या काचा अंगणभर उडाल्या, सोनू किंचाळायला लागली. शिवशंकरनं गाडी न्यूट्रल केली, हँडब्रेक न ओढता, इंजिन चालू ठेवूनच खाली उतरला आणि सासऱ्याच्या तोंडावर बुक्की हाणली. ओठ फाटला. पहार हातातून सुटली. बरगडीत लाथ बसली, पुन्हा बसली. येडबा रक्त थुंकला आणि जावयाच्या पोटरीला कडकडून चावला. सोडतोय कशाला!

आणि गाडी अंगणाच्या उताराला लागली.

शिवशंकरची जागा रिकामी. निकितानं पाय लांबवून ब्रेक दाबला. पाय थेट तळाला गेला, गाडी चालतच राहिली आणि गोठ्याच्या भिंतीवर जाऊन आदळली.

दोघी सुखरूप होत्या. शिवशंकरनं लंगडत जाऊन गाडीची चावी काढली. निकिता पोरीला कडेवर घेऊन बापासमोर आली.

"आबा, मायच्या वेळेस का न्हाई तोडला हार?"

येडबानं तुटलेली फुलं मुठीत उचलली. बारा वर्षं गिळून ठेवलेलं आता बाहेर आलं.

"दिसला होता गं मला. हाराच्या खालून पेटलेला दिसत होता. भाडं जाईल म्हणून म्याच हार खाली सरकवला त्याच्यावर. डोळ्यात खुपायलता."

निकितानं सोनूला खाली ठेवलं आणि बापाच्या कानाखाली अशी ठेवून दिली, की शेजारची माणसं बाहेर आली.

येडबा हलला नाही.

"मार अजून," तो म्हणाला. "बारा वर्षं झाली पोरी, त्या हारापायी मला कुणी मारंचना."